बाळंतिणीला टोस्ट: इंग्रजांचं साधं, घरचं जेवण

सई_लीड्स

या मार्चमध्ये पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी माझी लेक झाली. चौदा तास कळा दिल्या होत्या. साडेपाचच्या सुमाराला मिडवाइफ ट्रे घेऊन आली. पांढऱ्या पावाचे दोन टोस्ट, त्यांना कडेपर्यंत लावलेलं खारं लोणी आणि मगभर दुधाचा चहा, एवढंच. टोस्ट जरा निवले होते, त्यामुळे लोणी वर न राहता पावात मुरलं होतं. बाहेरची कड कुरकुरीत आणि मध्ये ओलसर, खारट. मी दोन्ही खाल्ले आणि अजून दोन मागून घेतले.

तिकडे साताऱ्यात तेव्हा अकरा वाजले होते. आईने फोनवर पहिला प्रश्न केला, "काय दिलं गं खायला?" मी सांगितलं. बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, "बाळंतिणीला पाव?" व्हिसा न मिळाल्यामुळे तिला येता आलं नव्हतं. डिंकाचे लाडू, आळीव, बाळंतशोपा, सगळं डब्यात भरून तयार होतं. तिच्या आवाजातलं दुःख मला कळत होतं. पण हातातल्या त्या टोस्टने मला जे दिलं, तेही खरं होतं. नंतर इथल्या मैत्रिणींशी बोलताना समजलं की बाळंतपणानंतरचा हा चहा-टोस्ट इथल्या बायका जन्मभर विसरत नाहीत. सत्तरीच्या बाईलाही विचारा, ती सांगते की तसा टोस्ट पुन्हा कधी लागला नाही.

बाराव्या दिवशी, म्हणजे घरी असते तर बारसं झालं असतं त्या दिवशी, शेजारच्या आजींनी दार वाजवलं. हातात चहाच्या टॉवेलने झाकलेलं भांडं होतं. पांढरं इनॅमलचं, निळ्या काठाचं. माझ्या आजीच्या फडताळात अगदी असंच भांडं होतं, तिचं लिंबाचं लोणचं त्यात मुरायचं. आत राइस पुडिंग होतं. आम्ही मांस खात नाही हे त्यांनी आधीच माझ्या नवऱ्याला विचारून घेतलं होतं.

कृती नंतर विचारून घेतली. शंभर ग्रॅम आखूड तांदूळ, पन्नास ग्रॅम साखर, लिटरभर निळ्या झाकणाचं, म्हणजे साय न काढलेलं दूध, सुपारीएवढं लोणी, वरून किसलेलं जायफळ. ओव्हन १५० अंशांवर. पहिल्या तासात दोनदा ढवळायचं, मग आणखी तासभर हातच लावायचा नाही. वेलची नाही, केशर नाही, बदाम नाही. वर तपकिरी साय धरते, पातेल्याच्या खरवडीसारखी चिवट आणि खमंग. आजी म्हणाल्या, लहानपणी या सायीवरून आम्हा भावंडांची मारामारी व्हायची. ती सगळी साय त्यांनी माझ्या वाटीत वाढली.

चार वर्षं मी इथे राहते आणि चार वर्षं "यांच्या जेवणाला चव नाही" हे वाक्य ऐकत आणि बोलत आले. आता ते मला पटत नाही. तुम्ही नवखे होतात तेव्हा इथला कुठला साधा पदार्थ तुमचा झाला? हॉटेलातला नको, कुणाच्या तरी घरचा सांगा. कृती असेल तर तीही लिहा.

---

मिरजेचा_मिलिंद

सईताई, लेकीला आशीर्वाद. फार छान धागा काढलात.

माझा पदार्थ म्हणजे जॅकेट पोटॅटो. शेफील्डला एमएससी करत होतो, नोव्हेंबर महिना, चारला अंधार. घरातला गॅस बॉयलर बंद पडला होता. वरच्या खोलीतला मुलगा म्हणाला, ओव्हन लावू, स्वयंपाकघर तरी तापेल. त्याने चार मोठे बटाटे धुतले, पुसले, काट्याने टोचले, तेल आणि जाडं मीठ चोळलं आणि २०० अंशांवर सरळ जाळीवर ठेवले. सव्वा तास आम्ही ओव्हनसमोर खुर्च्या टाकून बसलो होतो. बाहेर काढल्यावर त्याने फुलीसारखी चीर दिली आणि चारी बाजूंनी चिमटीत दाबलं. आतला पांढरा गर फुटून वर आला आणि वाफ तोंडावर. त्यात लोणी, किसलेलं चेडर चीज आणि डब्यातले बीन्स, म्हणजे टोमॅटोच्या रसातले घेवड्याचे पांढरे दाणे.

मला एकदम शेतातली आठवण झाली. ऊसतोड चालू असताना फडाच्या कडेला राखेत रताळी भाजायचो, साल काळी आणि आत साखर. इथे साल फेकायची नसते. ती कुरकुरीत झाली तरच बटाटा जमला. मायक्रोवेव्हमध्ये पूर्ण शिजवाल तर साल ओल्या चामड्यासारखी होते. घाई असेल तर दहा मिनिटं मायक्रोवेव्ह आणि मग वीस मिनिटं कडक ओव्हन, म्हणजे बऱ्यापैकी जमतं.

बीन्सबद्दल थोडं. हा पदार्थ मुळात अमेरिकेतून आला. सुरुवातीला हाइन्झचे डबे लंडनच्या फोर्टनम अँड मेसनमध्ये, म्हणजे श्रीमंतांच्या दुकानात, विकायला आले. आता तेच डबे विगनजवळच्या किट ग्रीनच्या कारखान्यात बनतात, तो १९५९ साली सुरू झाला. श्रीमंतांची चैन विद्यार्थ्यांच्या रोजच्या जेवणात आली. डबा उघडून नुसता गरम करू नका. मंद आचेवर दहा मिनिटं आटू द्या, रस दाट होतो आणि टोस्ट भिजून लगदा होत नाही. मी वर शेफील्डचं हेंडरसन्स रेलिश घालतो, वूस्टर सॉससारखा पातळ सॉस. त्यात चिंच आहे आणि मासा नाही.

---

तर्री_नागपूर

धागा चांगला आहे, पण मला पटत नाही. माझा मुलगा दोन वर्षं तिकडे शिकायला होता आणि आठ किलोने उतरून आला. सकाळी दुधातले थंड पोहे, दुपारी फ्रीजमधलं त्रिकोणी सँडविच, रात्री उकडलेलं काहीतरी. पोरगं थंडीने काकडतंय आणि त्याच्या हातात गार जेवण. याला मायेचं जेवण कसं म्हणायचं? बाळंतिणीच्या अंगात ऊब जायला हवी, तिथे दोन स्लाइस पाव देतात याचं कौतुक मला करता येणार नाही. आपल्या आयांनी पिढ्यान्‌पिढ्या जे जपलंय ते उगाच नाही.

---

सई_लीड्स

काका, मुलाचं वाचून वाईट वाटलं. गार सँडविचबद्दल मी पूर्ण तुमच्या बाजूची आहे. ऑफिसात कीबोर्डसमोर बसून ते त्रिकोण खाणं मला आजही जमत नाही, मी डबा नेते. आणि आईने नंतर कुरिअरने पाठवलेले लाडू मी चाळीस दिवस खाल्ले. टोस्ट लाडवाच्या जागी आला असं मला म्हणायचंच नाही.

पण चव नाही म्हणजे काय, याचा मी फार विचार केला. ताप उतरल्यावर आपण काय खातो? मऊ भात, मेतकूट, तूप. त्यात कुणी तर्री मागत नाही. भाताची चव, तुपाची चव सुटी सुटी कळावी म्हणूनच तो खायचा असतो. इथलं घरचं जेवण त्या जातीचं आहे. बटाटा बटाट्यासारखा लागला पाहिजे, वाटाणा वाटाण्यासारखा.

आणि तिखट-आंबट नसतंच असं नाही, ते ताटाच्या डाव्या बाजूला असतं! हे मला आजींच्या टेबलावर कळलं. पदार्थात काही नाही, पण शेजारी चार बाटल्या. इंग्लिश मस्टर्ड खाऊन बघा. मूळचे नॉर्विचचे कोलमन्स १८१४ पासून ते करतायत. मोहरी फेसून लावली की कशी नाकातून डोक्यात जाते, तस्सं. पिकलिली नावाचं पिवळंधमक लोणचं आहे, फ्लॉवर आणि छोटे कांदे, हळद आणि मोहरीत. ते आपल्या फ्लॉवर-गाजराच्या लोणच्याचंच भावंड, हिंदुस्थानातली लोणची बघूनच त्यांनी ते करायला घेतलं. ब्रॅन्स्टन पिकल आहे, १९२२ पासूनचं, आंबटगोड, काळसर. चेडरच्या तुकड्याबरोबर ते खाताना मला गुळांब्याची आठवण येते. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आपण जशी डावीकडे वाढतो आणि ज्याला जेवढं हवं तेवढं तो घेतो, तशीच ही रीत.

---

आजोबा_हॅरो

सई बाळा, धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. मी १९६८ च्या ऑक्टोबरात आलो. किल्बर्नला एका बाईंच्या घरी खोली घेतली, आठवड्याच्या भाड्यात न्याहारी आणि रात्रीचं जेवण. मी शाकाहारी आहे म्हटल्यावर त्या गोंधळल्या. पहिल्या रात्री ताटात उकडलेला बटाटा, उकडलेलं गाजर आणि अर्धा तास उकडलेला कोबी. कोबीचा वास जिन्यापर्यंत आला होता. नागपूरकरांना खोटं कशाला सांगू, तो कोबी वाईटच होता आणि मी खोलीत जाऊन चिवडा खाल्ला.

पण त्या बाई अशा का रांधतात ते हळूहळू कळत गेलं. या देशात ८ जानेवारी १९४० ला रेशन सुरू झालं आणि ४ जुलै १९५४ ला संपलं. साडेचौदा वर्षं! लढाई संपल्यावर नऊ वर्षं. बराच काळ लोणी माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे साठ ग्रॅमसुद्धा नाही, आणि अंडं आठवड्याला एक. लढाईत पाव मोकळा होता, तो १९४६ ते ४८ रेशनवर आला. बाईंचं लग्न लढाईत झालेलं. म्हणजे संसार मांडल्यापासून चौदा वर्षं त्यांनी मोजून लोणी लावलं. मी राहत होतो तेव्हा रेशन संपून चौदा वर्षं झाली होती, तरी लोण्याच्या वेष्टणाचा कागद त्या घडी घालून ठेवत आणि केकचं भांडं त्याने पुसून घेत.

पुढे ७२ च्या दुष्काळात धाकट्या भावाची पत्रं यायची, रेशनवरची मिलो ज्वारी, दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी. ती पत्रं वाचताना मला बाईंचं स्वयंपाकघर आठवायचं. ज्या घराने टंचाई काढली त्या घराचा हात वेगळा असतो.

त्या बाईंचा एक पदार्थ मात्र आजही आमच्या घरी दर सोमवारी होतो. नाव बबल अँड स्क्वीक. रविवारचा उरलेला बटाटा आणि उरलेला कोबी कुस्करून तव्यावर जाडसर थापायचा. तवा तापला की कोबीतलं पाणी बुडबुडतं आणि चरचरतं, म्हणून ते नाव. हलवायचं नाही, खालून लाल पापुद्रा धरू द्यायचा, मग उलटायचं. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मी म्हटलं, ही तर फोडणीची पोळी! आदल्या दिवशीचं अन्न दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं, हे पुण्यात आणि किल्बर्नमध्ये सारखंच. आमची ही त्यात मोहरी, हिंग आणि हिरवी मिरची घालते. बाईंना एकदा तसं करून दिलं, त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं.

ब्रेड अँड बटर पुडिंगचंही तेच. शिळ्या पावाला लोणी लावायचं, मनुका, अंडं फेटून घातलेलं दूध, ओव्हन.

नव्याने येणाऱ्या मुलांना आणखी एक सांगतो. प्रिमरोझ हिलजवळ किंग हेन्रीज रोडवर १० नंबरचं घर आहे. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये तिथे राहत होते, २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं. लंडनमधल्या खाणावळीच्या तुटपुंज्या जेवणावर त्यांनी दिवस काढले, रात्री भूक लागली की पापड भाजून खात आणि पुन्हा अभ्यासाला बसत. नातवंडांना घेऊन गेलो होतो. मोठी नात तिथे उभी राहून विचारत होती, फक्त पापड? तिला काय सांगणार. गांधीजीही १८८८ मध्ये आले तेव्हा घरमालकिणीकडे अर्धपोटीच राहत होते, फॅरिंग्डन स्ट्रीटवरची शाकाहारी खाणावळ सापडेपर्यंत. आपल्याला आज वाण्याकडे भाकरीचं पीठ मिळतं, वेम्बलीत अळूची पानं मिळतात. म्हणून इथल्या साध्या जेवणाकडे आपण निवांत मनाने बघू शकतो. त्यांच्या वाट्याला तो निवांतपणा नव्हता.

---

ऋतुजा_कार्डिफ

आजोबा, किंग हेन्रीज रोडला नाताळच्या सुट्टीत नक्की जाणार.

मी सप्टेंबरमध्येच आलेय, मला एक विचारायचं आहे. प्रयोगशाळेतल्या ताईंनी शनिवारी साडेपाचला "टी" ला बोलावलं. मी चहा समजून घरून पोटभर कांदेपोहे खाऊन गेले. तिथे टेबलावर काटे-चमचे, बशा, सगळं मांडलेलं. जेवण होतं! त्यांनी माझ्यासाठी मुद्दाम ग्लॅमॉर्गन सॉसेज केले होते. नावात सॉसेज असलं तरी मांस नाही. केअरफिली चीज, लीक म्हणजे लांब पातीचा कांदा, आणि ब्रेडचा चुरा एकत्र करून लांबट वळायचे आणि तळायचे. बाहेरून ब्रेडच्या चुऱ्याचं कवच, आत चीज वितळलेलं. पोट भरलेलं असूनही तीन खाल्ले, कारण त्यांनी दुपारभर खपून केले होते. चहाला बोलावून जेवण का देतात?

---

अनुजा_ग्लासगो

ऋतुजा, उत्तर इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स इथल्या कितीतरी घरांत संध्याकाळच्या जेवणालाच टी म्हणतात. दुपारच्या जेवणाला डिनर. शाळेत दुपारी वाढणाऱ्या बायका म्हणूनच डिनर लेडीज. साडेपाचला बोलावलं की उपाशी जायचं आणि हातात काहीतरी न्यायचं.

माझा पदार्थ मसुराचं सूप. इथे ग्लासगोत जवळजवळ प्रत्येक घरात ते होतं. लाल मसूर, कांदा, किसलेलं गाजर, बटाटा, मीठ, मिरी. पहिल्या हिवाळ्यात नोकरी लागत नव्हती, रोज वाचनालयात जाऊन अर्ज भरायचे. शेजारच्या चर्चच्या हॉलमध्ये गुरुवारी दुपारी सूप असायचं, कुणीही यावं. वाटी पुढे आली आणि वासाने माझे डोळे भरले. ही माझ्या आईची मसुराची आमटी होती, फक्त गोडा मसाला आणि आमसूल नसलेली. एक मात्र विचारून घ्या, कारण पुष्कळ जण ते डुकराच्या हाडाच्या पाण्यात शिजवतात. त्या हॉलमधल्या बाईंनी पुढच्या गुरुवारपासून माझ्यासाठी छोटं पातेलं वेगळं ठेवलं. मी काही मागितलं नव्हतं.

पॉरिजबद्दलही लिहायचं होतं. साखर-फळं घातलेलं मला कधी आवडलं नाही. मग एका सहकाऱ्याच्या वडिलांनी जुन्या पद्धतीने करून दिलं. पाणी, ओट्स, मीठ, बस्स. लाकडी दांड्याने सतत घाटायचं, त्या दांड्याला स्पर्टल म्हणतात. वाटीत काढून कडेने गार दूध. ज्वारीच्या कण्या ताकात खाल्ल्या असतील त्यांना ही चव लगेच ओळखीची वाटेल. माझे सोलापूरचे सासरे आले तेव्हा महिनाभर सकाळी तेच खात होते.

---

मेधा_वसई_ग्रिम्स्बी

माशाबद्दल कुणी लिहिलंच नाही, मग मी लिहिते.

मी वसईची, होडीवाल्यांच्या घरातली. बोंबील, सुरमई, मांदेली यावर वाढलेली. लग्न होऊन ग्रिम्स्बीला आले तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, तुझं नशीब, मासळीचंच गाव. बंदर आहे, लिलाव आहे, पण मासा बराचसा आइसलँड-नॉर्वेहून येतो. पहिल्यांदा फिश अँड चिप्स खाल्लं तेव्हा काटाच नाही! काटा नाही म्हणजे मासा कुठला हे जिभेला कळणार कसं? मला तो मासाच वाटेना.

दोन वर्षं एका चिपीत, म्हणजे फिश अँड चिप्सच्या दुकानात, काउंटरला काम केलं, तेव्हा डोळे उघडले. आमच्याकडे हॅडॉक चालतो. लंडनकडे कॉड. पिठाचं मिश्रण बर्फासारखं गार ठेवायचं. मासा शेपटीकडून धरून मिश्रणात बुडवायचा आणि कढईत सोडताना एकदम टाकायचा नाही. अर्धा तेलात, शेपूट हातात, दोन-तीनदा हलवायचा, मग सोडायचा. वरचं कवच लगेच धरतं आणि मासा आत स्वतःच्याच वाफेवर शिजतो. कवच फोडलं की आतले पांढरे पदर सुटे होतात, एकेक पाकळी ओली. आपण रवा लावून तव्यावर भाजतो तेव्हा चव मसाल्यात आणि रव्यात असते. इथे मासा ताजा नसेल तर लपवायला काही नाही. हे कळल्यावर मला त्याचा मान वाटायला लागला.

वर मीठ आणि माल्ट व्हिनेगर, गरम असतानाच. तो वास कागदातून येतो ना, थंड वाऱ्यात, बंदराच्या भिंतीवर बसून, तेव्हा मला वसईच्या किनाऱ्याची आठवण येते आणि रडू येत नाही. पहिल्या वर्षी येत होतं.

मशी पीजबद्दल सांगते, लोक तोंड वाकडं करतात. वाळवलेले मोठे हिरवे वाटाणे असतात, मॅरोफॅट. रात्री खाण्याचा सोडा घालून भिजवायचे, सकाळी मंद शिजवायचे, आपोआप मोडतात. रगड्याचीच पद्धत. मी घरी त्यात पुदिना आणि लिंबू घालते. आणि आजोबा, तुमच्या रेशनच्या गोष्टीत एक भर. लढाईत फिश अँड चिप्स कधीच रेशनवर नव्हतं. रांगा लागत, पण कूपन लागत नसे.

---

मिरजेचा_मिलिंद

मेधाताईंनी चिपीचा विषय काढला म्हणून शाकाहारी नवख्यांसाठी लिहितो. यॉर्कशरमध्ये आणि उत्तरेत इतरत्रही कितीतरी दुकानं चिप्स बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे गाई-बैलाच्या चरबीत, तळतात. मी सहा महिने खात होतो, मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. कळलं त्या रात्री जेवलो नाही. दोष दुकानदाराचा नाही, पाटीवर अभिमानाने लिहिलेलं होतं, मला त्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. "कशात तळता?" एवढंच विचारा, ते नीट सांगतात.

तसंच वूस्टर सॉस. त्यात चिंच आहे म्हणून आपल्याला जवळचा वाटतो, पण अँचोव्ही मासाही आहे. चीज-टोस्टवर तो सर्रास शिंपडतात. जुन्या वाफवलेल्या पुडिंगांत सूएट असतं, तीही जनावराची चरबी, पण वनस्पतींचं सूएट दुकानात मिळतं. जेलीत जिलेटिन. या देशात शाकाहाराची चळवळ मात्र जुनी आहे, व्हेजिटेरियन सोसायटी १८४७ साली केंटमधल्या रॅम्सगेटला स्थापन झाली. तुम्ही विचारलंत तर कुणाला विचित्र वाटत नाही. आणि ज्या भागातले आहात तिथल्या शाकाहारी पदार्थांची नावं शिकून घ्या. लॅंकशरचा चीज-कांद्याचा पाय (मैद्याच्या पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ), लिव्हरपूलचा ब्लाइंड स्काउस, म्हणजे मांस न घातलेला बटाटा-गाजराचा रस्सा. पूर्वी मांस परवडायचं नाही तेव्हा तो व्हायचा.

---

तर्री_नागपूर

मुलाला धागा वाचायला दिला. तो म्हणाला, बाबा, वसतिगृहाची सफाई करणाऱ्या मावशी मला परीक्षेच्या दिवसांत सफरचंदाचा क्रंबल आणून द्यायच्या, गरम कस्टर्ड घालून. हे त्याने मला दोन वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे कस्टर्ड म्हणजे फ्रीजमधलं, फळं घालून. गरम कसं खातात? कृती कुणी देईल का? त्याच्यासाठी करून बघतो. हिरवी आंबट सफरचंदं इथे मिळतात.

---

सई_लीड्स

काका, नक्की करा.

चार हिरवी सफरचंदं सोलून, चिरून, दोन चमचे साखर आणि दालचिनी लावून भांड्यात पसरा. दोनशे ग्रॅम मैदा आणि शंभर ग्रॅम गार लोणी बोटांच्या टोकांनी चोळा. तळहात लावायचा नाही, लोणी वितळतं. रवाळ झालं की शंभर ग्रॅम साखर मिसळा आणि सफरचंदांवर सैल भुरभुरा, दाबू नका. १८० अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटं, कडेने रस उकळून वर यायला लागला की झालं. कस्टर्ड तुमच्या घरातल्या पावडरचंच. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ मध्ये ती पावडर काढली, कारण त्यांच्या पत्नीला अंडं चालत नव्हतं. त्यामुळे आपल्याकडच्या शाकाहारी घरांतही ती सहज रुळली, पुण्याच्या वाइकफील्डचा डबा आमच्याकडे कायम असायचा. फक्त दूध थोडं जास्त घ्या, पातळ ठेवा आणि गॅसवरून उतरवून लगेच ओता.

आता त्या निळ्या काठाच्या भांड्याचं सांगते, कारण आई रोज विचारते. भांडं रिकामं परत करायचं नाही, ही तिची शिकवण. पुडिंग संपल्यावर मी त्यात शिरा भरून दिला. आठवड्याने ते चीज-कांद्याचा पाय घेऊन परत आलं. मग मी साबुदाण्याची खिचडी दिली, तेव्हा आजींनी दाण्याच्या कुटाबद्दल बरीच चौकशी केली. असं आठ महिने चाललंय. सप्टेंबरात लेकीचं उष्टावण झालं, त्या दिवशी आमच्या मऊ भाताशेजारी आजींनी बिनमिठाचा कुस्करलेला बटाटा ठेवला. लेकीने दोन्ही खाल्लं.

त्यांच्या परसात ब्रॅम्लीचं झाड आहे. ही स्वयंपाकाची सफरचंदं, कच्ची खाल्ली तर दात आंबतात आणि शिजवली की लगदा होतो. नॉटिंगहॅमशरमधल्या साउथवेलला १८०९ मध्ये एका मुलीने बी लावली, तिथून सगळ्या देशभर ही जात पसरली. ऑक्टोबरात आजींनी पिशवीभर दिली. फोड चावल्याबरोबर मला कैरी आठवली. मी मेथांबा केला. मोहरी, मेथी, हळद, तिखट, गूळ. फोडी भराभर मोडतात, म्हणून आधी गूळ विरघळवून पाक करायचा आणि फोडी शेवटी टाकून चारच मिनिटं ठेवायच्या. आजींना दिला, त्या तो चेडर आणि टोस्टबरोबर खातात. मेथीचे दाणे बाजूला काढत नाहीत, चावून खातात.

आईचा व्हिसा मागच्या आठवड्यात आला. डिसेंबरात येतेय. काल फोनवर म्हणाली, त्या बाईंसाठी डिंकाचे वेगळे लाडू करते. मी म्हटलं, आणि तुला त्या टोस्ट करून घालणार आहेत. ती म्हणाली, लोणी कडेपर्यंत लावायला सांग.

भांडं आत्ता माझ्याकडे आहे. उद्या त्यात काय भरू?

---

आजोबा_हॅरो

पुरणपोळ्या. आणि तूप वेगळ्या वाटीत दे, त्यांना हवं तेवढं त्या घेतील.